पाचूबेटाची एकदिवसीय सहल

प्रत्येक थोर बेटामागे लाखो वर्षांची भूगर्भीय उलथापालथ असते. कोसमटोल्यामागे एक न झालेला पूल आहे. एका अंगाने नदी, उरलेल्या तिन्ही अंगांनी तिलाच जाऊन मिळणारा नाला, आणि पावसाळ्याचे चार महिने दोघांचं असं गूळपीठ, की गाव कुठे संपतं ते बेडकांना विचारून घ्यावं लागतं.

गेल्या वर्षी बेट विकास कक्षाने या परिस्थितीला 'उष्णकटिबंधीय नदीबेट' असा दर्जा दिला आणि गावाचं नाव ठेवलं पाचूबेट. (उष्ण म्हणजे मे महिन्यातले सत्तेचाळीस अंश; कटिबंध म्हणजे ऑगस्टात कंबरेपर्यंत पाणी.) तेव्हापासून गावात एकही अडचण उरलेली नाही. सगळ्यांची आकर्षणं झाली.

गाईड म्हणून नेमणूक झाली सोमारीची. तीन दिवसांचं प्रशिक्षण, हिरवी टोपी आणि हात जोडून हसता येतं याचं प्रमाणपत्र. सोमारीने हे काम एकाच कारणासाठी धरलं होतं. तिची करिश्मा नववीत, शाळा पल्याड, आणि मागच्या पावसाळ्यात पोरगी मोजून एकोणीस दिवस शाळेत पोचली होती. पुलासाठी गावाने बावीस अर्ज केले होते. पण कक्षाचे प्रणितसर म्हणाले, "सोमारीताई, गावकऱ्यांच्या अर्जाला आमच्याकडे रकाना नाही. पर्यटकांच्या फॉर्मात मात्र 'गैरसोय' असा रकाना आहे. तिथे एक जरी तक्रार आली, तरी पंधरा दिवसांत कारवाई. नियमच आहे."

सोमारीने ठरवलं, पाव्हण्यांची मनापासून गैरसोय करायची. तिने गाव जमवून सांगितलं, कोणी चहा द्यायचा नाही, कोणी छत्री द्यायची नाही, कोणी हात धरून उतरवायचं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. (कोसमटोल्यात ठराव एकमताने मंजूर होतात आणि एकमतानेच मोडतात.)

रविवारी नागपूरहून चौदा पर्यटक आले. डोंग्यात लाइफ जॅकेट आठ होती, ती पाळीपाळीने घालण्यात आली.

"लच्छूभाऊ, हलवा नं जरासा," सोमारी नावाड्याच्या कानाशी म्हणाली.

"काऊन वं? माह्या डोंग्यात आजवर कोणी भेलं नाई. आता मातारपणी नाव खराब करू?"

तेवढ्यात दिव्यानी नावाची एक मुलगी मोबाइल धरून म्हणाली, "काका, थोडा हलवा ना! व्हिडिओत काही थ्रिलच येत नाहीये."

पाव्हण्यांचा शब्द मोडायचा कसा? लच्छूने डोंगा असा हलवला, की दोघांच्या चपला खाली प्राणहिता नदीच्या दिशेने रवाना झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे चिखलस्नान. (शासकीय कागदांवर याला रस्ता म्हणतात.) सोमारीने मुद्दाम गुडघाभर चिखलाची बाजू धरली. "नागपुरात याचेच अडीच हजार घेतात," म्हणत एका बाईंनी तो तोंडालाही लावला.

सोमारीने आपला हुकमी पत्ता काढला, शिलालेख दर्शन. नाल्याकाठी तीन दगड आहेत, तीन वेगवेगळ्या काळांतल्या भूमिपूजनांचे. "हा पयला. याच्यावर नारळ फोडल्याच्या खुणा दिसतेत. हा दुसरा, याच्यावरचं नाव नंतर खोडलं. तिसऱ्यावर तारीख हाय, साल नाई."

"आणि पूल?" कोणीतरी विचारलं.

"पूल अजून सापडला नाई," सोमारी म्हणाली. "खोदकाम चालू हाय."

आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल म्हणून ती थांबली. चौदा जणांनी दगडांसोबत फोटो काढले. एकाने वाकून नमस्कार केला.

जेवणात बेत नुसत्या पेजेचा ठरला होता. पण कलाबाईने आपली अंड्यावरची कोंबडी रांधली.

"अवो कलाबाई, उपाशी ठेवाचं ठरलं होतं नं!"

"तुह्या पुलासाठी मी पाव्हण्याले उपाशी धाडू? देवाले काय तोंड दाखवू, सांग!"

एकच आशा उरली होती, गुणवंतराव. हे निवृत्त गृहस्थ सकाळपासून कपाळाला आठ्या घालून होते. चिखलात "छे", दगडांपाशी "हात्तिच्या" आणि कोंबडीवर "तिखट आहे" असे त्यांचे तीन अभिप्राय सोमारीने मनात जपून ठेवले होते. परतीच्या डोंग्यात ती त्यांच्याच शेजारी बसली.

"भाऊ, लई तरास झाला नं तुमाले?"

"झाला म्हणजे काय! मी लिहिणार आहे."

"लिवा, लिवा. इकडून पावसाची झड लागन तुमाले." तिने त्यांच्यावर छत्री धरली. गावाच्या ठरावातलं छत्रीचं कलम तिने स्वतःच मोडलं.

तेरा फॉर्म आधी हातात आले. अकरांत लिहिलं होतं, 'पूल बांधून या बेटाचं सौंदर्य घालवू नये.' एकात नेटवर्क मागितलं होतं. एकात बदाम काढला होता. गुणवंतराव मात्र 'गैरसोय'च्या रकान्यात लिहीतच होते. कागद उलटला, मागची बाजूही भरली, खाली सही केली. सोमारीने फॉर्म दोन्ही हातांनी घेतला आणि काठावर उतरून वाचला.

'डोंग्याचा प्रवास फारच आखूड. बसलो न बसलो तोच किनारा आला. इतक्या लांबून येणाऱ्या माणसाची ही फसवणूक आहे. तातडीने लांबवावा.'

नियमाप्रमाणे चौदाव्या दिवशी कारवाई झाली. पल्याडचा घाट दीड किलोमीटर वर नेण्यात आला. आता एक फेरी पन्नास मिनिटांची होते, आणि अभिप्राय उत्तम येत आहेत.

या हंगामातले सगळे रविवार भरलेत. तुमच्यासाठी सोमवार मिळू शकेल. त्या दिवशी डोंग्यात शाळेची पोरं असतात, पण ती थांबतात.