गुणवंतरावांच्या गाडीला आवतण

गुणवंतराव वर्षातून एकदा आपल्या गाडीला जेवायला बोलावतात. समोर उकिडवं बसून, हात जोडून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे मी माझ्या पायरीवरून, चष्मा घालून पाहिलं आहे, म्हणजे शंकेला जागा नाही.

गाडी साधी असती तर मी बोलले नसते. लालभडक, दोन दारांची, जमिनीला इतकी टेकलेली की मांजरसुद्धा खालून जाताना मान वाकवतं. आमच्या अमरावतीच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. तो या गाडीला ओलांडता येत नाही. म्हणून गुणवंतरावांनी जुन्या बैलबंडीच्या दोन फळ्या जपून ठेवल्या आहेत. गतिरोधक आला की उतरतात, फळ्या मांडतात, गाडी वरून काढतात, परत उतरतात, फळ्या गोळा करतात आणि मग सुसाट जातात. तेवढ्यात मी पायी भाजीबाजारात पोचलेली असते.

गावाकडे त्यांचं काळं, चांगलं वावर होतं. त्यातून मोठा रस्ता गेला. वावर नाही तर बैल कशाला, म्हणून मोऱ्या आणि बांड्या सोयऱ्याच्या घरी गेले. त्याच साली त्यांची बायको सुमन गेली. मुलं म्हणाली, बाबा, पुण्याला चला. बाबा नागपूरला गेले आणि कोणाची तरी वापरलेली ही गाडी घेऊन आले.

"काहून घेतली हो भाऊ?" मी विचारलं.

"रस्त्यानं माहं वावर नेलं. आता त्या रस्त्यावर धावाले आपलं एखादं जनावर नोको का, वैनी?"

तिला ते गाडी म्हणतच नाहीत. जनावर म्हणतात. जनावराच्या नाकात एक पंखा आहे, त्याला टर्बो म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणारा धूरच तो पंखा फिरवतो, पंखा जास्तीची हवा आत कोंबतो आणि गाडी उधळते. धावून आल्यावर तो पंखा लाल तापलेला असतो. एकदम इंजिन बंद केलं तर त्यातलं तेल जागीच जळतं. म्हणून घरी आल्यावर गुणवंतराव गाडी लगेच बंद करत नाहीत. ती घुरघुरत राहते आणि हे बाजूला उभे राहून तिच्या पाठीवर थोपटत म्हणतात, "दम घेऊ द्या तिले. एकदम बंद नोको."

इथवर ठीक होतं. पण पुढे त्यांनी साऱ्या जगालाच तो नियम लावला. चहा पिऊन पाहुणा उठला की, "बसा, दम घेऊ द्या, एकदम नोका उठू." भजन संपल्यावर टाळ वाजवत राहतात, हळूहळू कमी करत. दवाखान्यात डॉक्टरनं बीपीची गोळी बदलली तर त्याला म्हणाले, "जुनी एकदम नोका तोडू, साहेब. आत काईतरी जळते." डॉक्टरनं मान डोलावली. तो नवा होता.

तर, तेल. त्या गाडीचं तेल ते स्वतः बदलतात आणि बरोबर पोळ्याच्या आदल्या दिवशी बदलतात. त्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात ना, तो दिवस. मुलं फोनवर ओरडतात, बाबा, गॅरेजमध्ये द्या. हे म्हणतात, "बैलाचे खांदे मळाले कोनी दुकानात पाठवते का रे?"

यंदा मला बोलावलं, उजेडाला बॅटरी धरायला. गुडघे दुखतात त्यांचे, खाली घुसल्यावर कोणीतरी वर पाहिजे. मी म्हटलं, येते. हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नाही. आमचे हे गेल्यापासून ताट-निरांजनाच्या ठिकाणी मी नको असते. बॅटरी धरायला मात्र विधवा चालते.

बंडीच्या फळ्या विटांवर टेकवून गाडी वर चढवली होती. जरा वेळ चालवून तेल कोमट केलं होतं, थंड तेल नीट उतरत नाही म्हणून. गुणवंतराव गोणपाटावर उताणे झाले आणि सरकत खाली गेले. पाय तेवढे बाहेर. खाली खुडबुड झाली, पाना पडला, एक शिवी आली, आणि काळं तेल धबाधबा घमेल्यात पडलं. आतूनच त्यांनी फिल्टरही बदललं. मग बराच वेळ काही आवाज नाही.

"भाऊ, आहात का?"

"हावो. पोट अडकलं."

"श्वास सोडा."

"सोडला तं घेता नाई येनार."

मी बॅटरी खाली ठेवली, दोन्ही पाय धरले आणि ओढलं. चप्पल हातात आली. मग घोटे धरून ओढलं. गुणवंतराव बाहेर आले, सदरा गाडीखालीच राहिला. समोरचा रिक्षावाला म्हणाला, "आजी, पोरगं झालं का पोरगी?" गुणवंतरावांनी पडल्या पडल्याच त्याला उत्तर दिलं, ते मी इथे लिहीत नाही.

तेल सांडायचा बोल्ट त्यांच्या मुठीत होता. तो त्यांनी पुसला, हळद-लोण्यात घोळला आणि विड्याच्या पानावर ठेवला. दरवर्षी असंच करतात म्हणे. "बैलाचा खांदा, तसा याचा हा बोल्ट. सारा भार याच्यावर." मग हात धुतले, धुतलेलं घमेलं खाली सरकवलं, नव्या तेलाचा डबा फोडला, वरचं झाकण काढलं आणि डोळे मिटून तेल ओतायला लागले. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते.

मी खाली पाहिलं. मधासारखी सोनेरी धार लागली होती.

"भाऊ," मी म्हटलं, "तुमचं जनावर मुतून राहिलं."

त्यांनी डोळे उघडले. खाली पाहिलं, मग पानाकडे पाहिलं. बोल्ट तिथे पिवळाजर्द, देवासारखा बसला होता. डबा रिकामा झाला होता.

"गाळून घ्या," मी म्हटलं. "माझ्याकडे स्वच्छ फडकं आहे."

"खाली सांडलेला घास उचलून देता का बैलाले? तेबी पोळ्याले?"

गाडी अशी की तिला तिचंच तेल लागतं. इथल्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, संपलं, अकोल्याला मिळेल. पोटात तेल नाही म्हणून गाडी नेता येत नाही, आणि तेल आजच, दिवेलागणीच्या आत पडलं पाहिजे. नाही तर आवतण नाही, आणि आवतण नाही तर उद्या जेवण नाही. मी म्हटलं, परवा द्या की.

"इतक्या वर्सात एकबी पोळा कोरा गेला नाई माहा," एवढंच म्हणाले. सदरा घातला, छातीवर तेलाचा हात उमटलेला तसाच, आणि एसटी स्टँडवर निघाले. जाताना सांगून गेले, "वैनी, त्याले एकटं नोका सोडू."

मग मी बसले गाडीपाशी, पुरणाची डाळ निवडत. येणारा जाणारा विचारायचा, "काय आजी, गाडी राखून राहिल्या का?" मी म्हणायची, "चराले सोडाची हाये, दोर सापडून नाई राहिला."

ते परत आले तेव्हा दिवे लागायचेच होते. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, सारे पोळ्याला गावी निघालेले. हे डबा पोटाशी धरून उभ्यानं आले. शेजारच्यानं विचारलं, "कायचं तेल हाये काका? बैलायच्या शिंगाले का?"

"मंग काय म्हटलं तुमी?" मी विचारलं.

"हो म्हटलं. खोटं काय हाये त्यात."

या वेळी मी आधी बोल्ट लावून घेतला. गोणपाटावर झोपून बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहिल्याशिवाय डब्याला हात लावू दिला नाही. तेल पडलं, पट्टी बुडवून मोजलं, इंजिन चाललं, खाली एक थेंब नाही. गुणवंतरावांनी पुढच्या दोन्ही चाकांवरचा पत्रा हळद-लोण्यानं मळला, उकिडवे बसले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मीही हात जोडले. एवढा दिवस राखल्यावर कोणीही जोडेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी पोळ्याहून परत आली. बोनेटवर मोऱ्याची झूल, आरशाला बाशिंग. बैलांच्या रांगेत ते तिला आता उभी करत नाहीत. पहिल्या वर्षी हॉर्न वाजला आणि अर्धा पोळा उधळला होता. दूर झाडाखाली लावतात. मी पायरीवर होते. ते उतरले, घरात गेले आणि ताट घेऊन बाहेर आले. निरांजन, कुंकू, पुरणपोळी. ताट माझ्यापुढे धरलं.

"ओवाळता का, वैनी?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "माह्या हातानं?" मी म्हटलं. "भाऊ, मी कोन हाये, माहीत हाये ना? कोनाले चालत नाई."

"बैलायले सुमन ओवाळे. याले आजपर्यंत कोनी ओवाळलंच नाई," ते म्हणाले. "आवतन देतो, जेवाले घालतो, पन ओवाळाले बाई लागते. मी एकटा काय काय करू? अन् चालते का नाई, ते तुमी कोन सांगनाऱ्या. जनावराले विचारा."

जनावर घुरघुरत होतं.

मी ताट घेतलं. बोनेटला कुंकू लावलं, ओवाळलं, चाकांवर पाणी घातलं. पोळीचा घास आरशाला लावला, कारण तोंड कुठे ते मला कळेना. गुणवंतराव दुसरीकडे पाहत होते.

झालं म्हणून मी ताट खाली ठेवलं आणि घराकडे वळले.

"वैनी," मागून आवाज आला. इंजिन अजून चालूच होतं. "एकदम नोका जाऊ. जरा दम घेऊ द्या."

माझं वरण गॅसवर होतं. लागलं असणार. मी पायरीवर बसले.