हे मात्र रेडिओवर सांगू नकोस!

"सहा क्लिकांचं काम दोन क्लिकांत! बाई, आज दुपारी बघाच तुम्ही!"

एवारिस्तोने सोमवारी सकाळी अशी गर्जना केली, आणि येर्बाच्या पानांचा कडू काढा नळीने ओढत दोन्या डेलमिरांनी नुसतं "हं" म्हटलं. दोन्या म्हणजे तिकडचं 'बाई', आणि दोन्या डेलमिरा म्हणजे आग्वादा ग्रीस गावच्या नगरपालिकेच्या रेडिओच्या प्रमुख. त्या निघाल्या होत्या नगराध्यक्षांकडे, आणि निघाल्या होत्या त्या एवारिस्तोच्याच कामासाठी. तीन-तीन महिन्यांच्या कराराला करार जोडत त्याची दोन वर्षं गेली होती. शुक्रवारी तो करार संपत होता आणि एक कायम जागा निघाली होती. ती मिळाली तर नोकरी, आणि ती मिळाली तरच निएवेस! कारण निएवेसच्या आईने त्याला दारातच ऐकवलं होतं, "तात्पुरत्या माणसाला मी कायमची मुलगी देत नाही."

"मी आज शब्द टाकते," बाई म्हणाल्या. "तू फक्त शहाण्यासारखा वाग."

आता शहाण्यासारखं वाग असं सांगितल्यावर एवारिस्तो स्वस्थ बसतोय होय!

आग्वादा ग्रीसच्या भोवती शंभर कोस नुसता वारा आणि मेंढ्या. मधूनच एखादं घर, आणि तिथे फोन लागत नाही. म्हणून रोज बारा वाजता रेडिओवर निरोप लागतात. गावात आलेला माणूस रेडिओच्या नंबरावर आपल्या आवाजात निरोप पाठवतो, आणि रानातला माणूस बाराच्या ठोक्याला कान टवकारून बसतो. बाराला लागला तो निरोप पोचला! "मी ऐकलंच नाही" ही सबब तिथे कुणाची बायकोसुद्धा मानत नाही.

पण लोक म्हणजे लोक. निम्मा निरोप झाला की हटकून यायचं, "हे मात्र रेडिओवर सांगू नकोस हं!" आणि मग खरी गंमत सुरू. एवारिस्तोचं काम असं, की आधी सगळं हेडफोनवर ऐकायचं, गंमत कापायची आणि उरलेलं हवेत सोडायचं. आजवर त्याच्या पोटातून एक शब्द बाहेर पडला नव्हता.

सगळा कारभार पेंग्विनवाल्या लिनक्स कॉम्प्युटरवर होता. निरोपाच्या फाइलीवर दोनदा टिचकी मारली की ती एका छोट्या प्रोग्रॅममध्ये उघडायची आणि फक्त हेडफोनवर वाजायची. कापून झाल्यावर प्रसारणाचा प्रोग्रॅम वेगळा उघडा, फाइल शोधा, तांबडं बटण दाबा. कोण उपद्व्याप! एवारिस्तोने त्या सकाळी ठरवलं, आवाजाची प्रत्येक फाइल यापुढे थेट प्रसारणातच उघडायची. आवाजाच्या फाइली चार जातींच्या, नावामागे चार वेगवेगळी शेपटं. प्रत्येक शेपटाला त्याने उजवं बटण दाबून "यात उघडा" म्हटलं, प्रसारणाचा प्रोग्रॅम दाखवला आणि "यापुढे नेहमी यातच" या चौकटीत खूण केली. चार शेपटं, चार खुणा. टिचकी मारली की निरोप हवेत!

कापलेला निरोप हवेत जाणार तसा न कापलेलाही जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नाही.

अकरा वाजता हवेत छान अकॉर्डियन वाजत होतं. एवारिस्तोने हेडफोन चढवले आणि पहिला निरोप ऐकायला घेतला. तो होता दोन्या क्लोरिंदाचा.

"एवारिस्तो, लेकरा, सेगुंदोला सांग, दाताचं काम झालं, गुरुवारच्या गाडीने येते, फाट्यावर घोडी घेऊन ये. आणि हे मात्र रेडिओवर सांगू नकोस हं! त्याचं ते चांदीच्या कड्यांचं खोगीर चोरीला नाही गेलं. मीच विकलं! नाहीतर एवढे दात काय फुकट बसवून देतात?"

एवारिस्तो खो खो हसला. तिचा नवरा सेगुंदो दोन वर्षं त्या खोगिरापायी शेजारच्या पोलिकार्पोला चोर म्हणत होता! आणि बघा योगायोग, पुढचा निरोप नेमका पोलिकार्पोचा.

"सेगुंदोला शेवटचं सांग, तुझ्या खोगिराला मी हात लावलेला नाही, देवाशपथ! आणि हे मात्र रेडिओवर सांगू नकोस... त्याचा मेंढा मात्र मीच खाल्ला. काय सुरेख लागला रे!"

एवारिस्तोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. टेबलावरचा फोन केव्हापासून बोंबलत होता, पण कानांवर हेडफोन! तिसरा निरोप होता खुद्द बाईंचा. त्याला वाटलं, झालं काम! त्याने टिचकी मारली.

"गाढवा! फोन उचल!" बाई कुजबुजत होत्या. "सगळं हवेत जातंय! अख्खं गाव ऐकतंय, गाढवा! मी इथे फाउस्तीनोला सांगतेय की पोरगा हुशार आहे, आणि मागे रेडिओ लागलाय! तो आत्ता संडासात गेलाय म्हणून बोलते. तो बाहेर यायच्या आत बंद कर! तसं त्या रेड्याला काही कळत नाही, पण ऐकू येतं!"

एवारिस्तोने हेडफोन काढले. अकॉर्डियन गप्प होतं. दारावरचा तांबडा दिवा ढळढळीत लागला होता.

आणि हो, फाउस्तीनो म्हणजेच नगराध्यक्ष. संडासातही रेडिओ ऐकणारा माणूस!

एवारिस्तोने आधी अकॉर्डियन लावलं. मग बाईंच्या निरोपाचं शेपूट पाहिलं, उजवं बटण, "यात उघडा", जुना छोटा प्रोग्रॅम, "यापुढे नेहमी यातच". पुन्हा टिचकी मारून पाहिली. बाईंच्या शिव्या आता फक्त हेडफोनवर! हुश्श.

तेवढ्यात वाऱ्याने केसांचं घरटं झालेल्या बाई धापा टाकत आत आल्या. त्या फाउस्तीनोच्या टेबलावर स्वतःचा फोन विसरून पळत आल्या होत्या.

"मेले मी! तो बाहेर आला तो पट्टा हातात धरूनच आला!"

"झालं बाई, दुरुस्त झालं! चिंता सोडा!"

तोच स्टेशनच्या नंबरावर नवा निरोप आला, खुद्द फाउस्तीनोसाहेबांचा. एवारिस्तोने स्वतःचे हेडफोन मोठ्या अदबीने बाईंच्या कानांवर ठेवले. "घ्या, आता फक्त तुमच्या कानात." आणि दिली टिचकी.

पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच! त्याने सरळ केलं होतं एक, आणि नगराध्यक्षांच्या महागड्या फोनच्या फाइलीचं शेपूट होतं दुसरंच. अकॉर्डियन पुन्हा गप्प झालं आणि दिवा लागला. अख्ख्या मुलखाने ऐकलं.

"डेलमिरा, फोन इथेच राहिलाय तुझा. रेडा कोण ते मागाहून बघू. आधी त्या गाढवाला हाकल, आजच्या आज. त्याच्या जागी माझ्या मेव्हणीचा पोरगा घे. येत काही नाही त्याला, पण घरचा आहे. आणि हे मात्र रेडिओवर सांगू नकोस, निवडणूक तोंडावर आलीय!"

बाईंनी हेडफोन काढले आणि दिव्याकडे पाहिलं. एवारिस्तोला रडू फुटलं. नोकरी गेली, निएवेस गेली, एका टिचकीत संसार उधळला!

फोन वाजला. त्याने नाक पुसत उचलला. निएवेसची आई!

"त्या फाउस्तीनोला सांग," ती कडाडली, "की गाढव असेल, पण आमचं गाढव आहे! त्याचं लग्न ठरलंय माझ्या मुलीशी! हाकलतोस कसा? आमच्या घरात सात मतं आहेत म्हणावं!"

लग्न ठरलंय हे एवारिस्तोलाही तेव्हाच कळलं.

मग फोन थांबेचना. खाटीक, नर्स, दोन पाद्री, सगळे त्याच्या बाजूने! दोन वर्षांत यांचं एक अक्षर त्याने बाहेर फोडलं नव्हतं, आणि आज फुटलं ते तर फारच आवडलं होतं. बाराला मिनिटभर असताना खुद्द फाउस्तीनोसाहेबांचा फोन आला. आवाजात नुसता मध.

"अगं डेलमिरा, कसली मेव्हणी अन् कसलं काय! थट्टा केली गं! पोरगा कायम! बाराच्या निरोपांत लावून टाक."

"तुम्हीच बोला," बाई म्हणाल्या आणि फोन माइकसमोर धरला.

बारा वाजता नगराध्यक्ष स्वतःच्या तोंडाने बोलले, "एवारिस्तो शुक्रवारपासून नगरपालिकेच्या नोकरीत कायम." बाराला लागलं म्हणजे पोचलं. आता देवाचा बापही मागे घेऊ शकत नव्हता! एवारिस्तोने बाईंना उचलून गिरकी घेतली.

शुक्रवारी हुकूम हातात आला. त्याने तो वाचला, पुन्हा वाचला आणि बाईंपुढे धरला.

"बाई, कायम असंच लिहिलंय. पण खाली हे काय... नगरपालिका दफनभूमी?"

"'रेडिओत कायम' असं कुठे म्हणाला होता तो?" बाईंनी काढ्याचा घोट घेतला. "चांगली जागा आहे. झाडं आहेत, वारा कमी लागतो. आणि कुणी तक्रार करत नाही."

एवारिस्तोने हुकूम घडी करून खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "तिथे कॉम्प्युटर असेल ना?"

"फावडं आहे," बाई म्हणाल्या. "त्याला एकच काम येतं. आणि मी तुझ्या पाया पडते, तू त्याला दुसरं शिकवू नकोस."