पंतांचा मुक्काम, भाग दोन

झाशीत नव्याने बदलून आलेल्या मराठी कुटुंबांना मी तीन गोष्टी आधीच सांगून ठेवते. उन्हाळ्यात दुपारच्या आत घरी या. कूलरची खसाची, म्हणजे वाळ्याची, जाळी होळीच्या आसपासच बदलून घ्या. आणि बडा बाजारात तात्या सरवटे भेटले, तर हातातली पिशवी त्यांना देऊ नका.

पिशवी ते मदत म्हणूनच मागतात. "द्या वहिनी, केवढं ओझं!" आपल्यालाही बरं वाटतं. पण पिशवी त्यांच्या हातात गेली, की तात्या रस्त्याच्या मधोमध थांबतात. मागे ई-रिक्षा भोंगे वाजवतात, भाजीवाला "बाबूजी, साइड में" म्हणून ओरडतो. तात्या हलत नाहीत.

"दुसऱ्या भागातली एक चांगली गोष्ट सांगा," ते म्हणतात, "आणि पिशवी घेऊन जा."

मे महिन्यात एकदा मी अशी सापडले. पिशवीत दोन लिटर दूध होतं.

"नेपथ्य छान होतं," मी पटकन म्हणाले.

"नेपथ्य पहिल्या भागाचंच होतं. भिंतीला नवा रंग दिला होता. वहिनी, तुम्ही नाटक पाहिलंत की नुसत्या बसलात?"

"मग पेटी. पेटी सुरात होती."

"पेटी नव्हतीच."

मला घरी जाऊन त्या दुधाचं पनीर करावं लागलं.

आता हा दुसरा भाग म्हणजे काय, ते सांगते. आमचं मराठी मंडळ लहान आहे. काही घरं फार जुनी, पूर्वज सुभेदारीच्या काळात इकडे आलेले, बाकीची रेल्वेची. गणेशोत्सवात आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच नाटक होतं, 'पंतांचा मुक्काम'. आमच्यातल्याच एका मास्तरांनी ते लिहिलं. ते गेले, नाटक राहिलं. पुण्याचे दिगंबरपंत झाशीतल्या एका मराठी घरी दोन दिवसांसाठी येतात आणि हलायचं नाव घेत नाहीत. आमटीला नावं ठेवतात, पाण्याला नावं ठेवतात, यजमानांच्या हिंदीमिश्रित मराठीची उजळणी घेतात. शेवटी सगळं घर मिळून त्यांची ट्रंक भरतं आणि त्यांना दाराबाहेर काढतं. विंगेतून शिट्टी वाजते. आणि त्या क्षणी सगळा हॉल उभा राहून ओरडतो, "गाडी सुटली!"

आमच्या मुलांना मराठी कळतं, बोलायला मात्र ती कचरतात. पण हे दोन शब्द प्रत्येक पोराला येतात. परदेशी गेलेली मुलंसुद्धा गणपतीत फोन करून ओरडतात.

वीसेक वर्षं पंतांचं काम तात्या करत आले आहेत. उंच, शिडशिडीत, नाकावरून खाली बघण्याची सोय देवानेच करून दिलेली. मूळचे भुसावळचे, रेल्वेत गार्ड म्हणून बदली होऊन इथे आले आणि इथेच निवृत्त झाले. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. दतिया गेटजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतात. पंतांचा एकही गुण त्यांच्यात नाही. तक्रार म्हणून करत नाहीत, आणि चहापलीकडे कोणाकडे काही घेत नाहीत.

पण गावाला ते पंत म्हणूनच माहीत. तात्या कोणाकडे आले, चहा झाला, गप्पा झाल्या, आणि ते चपला शोधायला लागले, की घरातलं कोणीतरी ओरडणारच, "गाडी सुटली!" सगळे हसतात. तात्याही हसतात, नसलेली ट्रंक उचलतात आणि एका अंगाला झुकून फाटकाबाहेर पडतात. आमच्याकडे तर ह्यांना ही नक्कल इतकी आवडते, की तात्या बसलेले असतानाच हे घड्याळाकडे बघायला लागतात.

तर गेल्या गणपतीत दुसरा भाग झाला. लिहिला मंजिरीने. ही आमच्या शेजाऱ्यांची सून, माहेर ग्वाल्हेरचं, बँकेत नोकरी. मी मंडळाची सचिव, म्हणून तिची संहिता मीच टाइप करून घेतली होती, आणि मला ती बरी वाटली होती. पंत म्हातारे होऊन परत येतात. यजमान गेलेले. घरात त्यांची नात, जेमतेम मराठी बोलणारी. पंत या वेळी एकच रात्र राहणार असतात. सकाळी ते स्वतःच ट्रंक भरतात, दाराशी येतात, विंगेतून शिट्टी वाजते.

हॉलमध्ये तीनशे माणसं श्वास भरून अर्धी उभी राहिली.

आणि नात म्हणाली, "पंतआजोबा, रुका ना. आता कुठे जाता? राहा."

पंत ट्रंक खाली ठेवतात. पडदा.

भरलेल्या श्वासाचं काय करायचं ते कोणालाच कळेना. मागच्या रांगेतून कोणीतरी "गाडी सुटली" म्हटलंच, पण इतकं केविलवाणं, की त्याच्या बायकोने त्याला खाली ओढलं. पहिल्या रांगेत आबासाहेब मोघे बसले होते. आबा मंडळाचे अध्यक्ष, जुन्या घराण्यातले, आणि त्या आरोळीची सुरुवात दरवर्षी तेच करतात. ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, "हे काय भैया? गाडीच नाही?"

त्या रात्रीपासून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे सुरू झालं ते दिवाळीपर्यंत थांबलं नाही. गाडी नाही. विनोद कमी. नात हिंदीत बोलते, मग मराठी नाटक कशाला म्हणायचं? मास्तरांचा अपमान. आमच्या लहानपणीचा पंत मारला. लिहिणाऱ्यांपैकी निम्मे लोक दर वर्षी मध्यंतरात समोसे खाऊन शेवटच्या प्रवेशालाच परत येणारे होते, पण तो मुद्दा मी ग्रुपवर मांडला नाही.

राग तात्यांवर कोणाचाच नव्हता. "तुमचं काम फर्स्ट क्लास, नाटक भिकार," असं लोक त्यांना पाठ थोपटून सांगत. तात्या चिडत ते याच गोष्टीवर. "कामाचं सोडा, नाटकाचं बोला. बोला, ऐकतोय." आणि पिशवी ओढून घेत.

पिशवी नसेल तर दुसरे उपाय होते. आमच्यातल्याच एका दातांच्या डॉक्टरांनी तात्या खुर्चीत तोंड उघडून पडलेले असताना दुसऱ्या भागाची मनसोक्त निंदा करून घेतली. तात्यांना बोलता येईना, नुसते हात हलवत होते. दुसऱ्या दिवशी काहीही दुखत नसताना ते नंबर लावून गेले, त्याच खुर्चीत बसले, उत्तर दिलं आणि तोंड न उघडता परत आले. म्हणजे दाखवायला उघडलं नाही, बोलायला उघडलंच.

इलाइट चौराह्यावरच्या त्यांच्या न्हाव्याने तर नाटक बघितलेलंच नाही. पण दाढीला येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला तो आता वस्तरा गळ्याशी असताना विचारतो, "साहब, पार्ट टू में क्या खराबी है?"

आम्हाला सगळ्यांना एकच कोडं होतं. पहिल्या भागात तात्यांसाठी हॉल उभा राहतो. दुसऱ्यात त्यांच्या वाट्याला शांतता आली. मग हा माणूस स्वतःच्या टाळ्यांविरुद्ध का भांडतोय? मंजिरीबद्दल माया, असं काही म्हणाले. पण मंजिरी स्वतःच कंटाळून म्हणाली होती, "काकू, बंद करा तो विषय. मी पुन्हा लिहिणार नाही."

जूनमधल्या एका रविवारी सकाळी आबा मोघ्यांकडे बैठक ठेवली. विषय एकच: यंदा कोणता भाग? पहिला ठरला, तर दुसरा पुन्हा कधीच होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी तसा ठरावच लिहून आणायला सांगितला होता. आबांच्या ओसरीवर बाराएक माणसं जमली. कूलर घरघरत होता. माईंनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, बेलाचं सरबत फिरवलं.

आबांनी सुरुवात केली. "मी साफ बोलतो. लोक वर्षभर थकतात, गणपतीत हसायला येतात. आखिर नाटक म्हणजे काय? मजा आली पाहिजे. ती पोरगी चांगली आहे, लिहिते चांगलं, पण आमच्या पंतांना हात कशाला लावायचा?"

"पंत काय तुमच्या घरचे आहेत?" तात्या म्हणाले.

"आमच्याच घरचे! मास्तरांनी पहिलं वाचन याच ओसरीवर केलं. मी तिथे बसलो होतो, त्या खांबाशी."

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"तात्या, आता पिशवी नाही तुमच्या हातात. नीट बोला."

सगळे हसले. तात्याही थोडे हसले. दातांच्या डॉक्टरांनी ठरावाला अनुमोदन द्यायला हात वर केला, आणखी तीन-चार हात वर गेले. मी मोजायला लागले, तेव्हा आबा जरा नरमाईने म्हणाले, "अहो, पण तुम्हाला पहिल्या भागात कमी काय पडलं? अख्खा हॉल तुमच्यासाठी उभा राहतो. हमारे लिए तो कोई कुर्सी से नहीं उठता."

"उभा राहतो, आबा," तात्या म्हणाले. "घालवायला उभा राहतो."

सरबताचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

"मी ट्रंक घेऊन विंगेत जातो ना, तिथे एक खुर्ची असते आणि पाण्याची बादली. तुम्ही सगळे आत ओरडत असता, नटमंडळी पुढे वाकून नमस्कार करत असतात. मी आपला मिशी काढतो. दरवर्षी तेच. नाटक आहे, मला कळतं की. पण रोज संध्याकाळी कोणाकडून निघालो तरी पुन्हा तेच." त्यांनी पेला खाली ठेवला. "गेल्या वर्षी ती नात झालेली पोरगी राहा म्हणाली. लिहिलेलं वाक्य आहे, तालमीत शंभरदा ऐकलं होतं. तरी त्या दिवशी ट्रंक मी जरा घाईनेच खाली ठेवली."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. कोणी डोकं खाजवल्यासारखं केलं, कोणी चष्मा पुसला. माझे हे जमिनीकडे बघत बसले होते.

"मग इतके दिवस हे बोलायचं सोडून पिशव्या काय ओढत होतात?" आबा एकदम ओरडले. त्यांना वाईट वाटलं की ते ओरडतात.

"लोक म्हणाले असते, तात्या रडतोय. मला नाटक पास करून हवं होतं. कीव नको होती."

"पण नाटक संथ आहे हो! हे मी तरीही म्हणणार."

"म्हणा ना! दुसऱ्या अंकात संथ आहे, मान्य. पण का आहे ते बघा."

अशा वेळी कोणीतरी कामाचं बोलावं लागतं. मी म्हटलं, "हॉल आपल्याला दोन दिवस मिळतो. आजवर दुसऱ्या दिवशी आपण गाण्याच्या भेंड्या ठेवत होतो, आणि त्यांना कोणी येत नाही. शनिवारी पहिला भाग करू, रविवारी दुसरा. नट तेच, ट्रंक तीच. खर्च वाढत नाही."

आबांनी थोडा विचार केला. "म्हणजे शनिवारी घालवायचं आणि रविवारी ठेवून घ्यायचं."

"हो."

"शनिवारची आरोळी मीच देणार."

"तुम्हीच द्या," तात्या म्हणाले.

ठरावाचा कागद मी मधोमध फाडला आणि एका तुकड्याच्या पाठीमागे तालमींच्या तारखा लिहून घेतल्या. मंजिरीला तिथूनच फोन केला. ती म्हणाली, "काकू, दुसरा अंक थोडा कापू का?" तात्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "एक ओळ कापायची नाही!"

मंडळी पांगली. बाहेर उन्हाची लू वाहायला लागली होती. मी माईंबरोबर पेले आवरत होते. तात्या उठले आणि खुंटीवरचा पंचा डोक्याला गुंडाळायला लागले. माई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या, "असल्या उन्हात कुठे निघालात? पान वाढलंय."

"नको, माई, मी आपला—"

"तुम्हाला विचारलं नाही मी. हात धुवा."

तात्या जेवले. वरण-भात, कैरीचा तक्कू, फुलके. दोनदा भात घेतला. आबा समोर बसून जेवता जेवता दुसऱ्या भागातल्या चुका सांगत होते आणि तात्या तोंडात घास घेऊनच त्या खोडून काढत होते. जेवणं झाल्यावर माईंनी न विचारता कूलरसमोर आबांच्या चटईशेजारी दुसरी चटई अंथरली, तिच्यावर उशी टाकली. "ऊन उतरेपर्यंत आडवे व्हा," म्हणाल्या, आणि ताटं उचलून आत गेल्या.

मी रिक्षाची वाट बघत दाराशी उभी होते. दोघे म्हातारे शेजारी शेजारी उताणे पडले होते.

"ती दुसऱ्या अंकातली शांतता," तात्या छताकडे बघत सांगत होते, "ती तुम्हाला चूक वाटते. पण समजा, आबा, तिथे त्या मुलीने लगेच राहा म्हटलं असतं, तर..."

"झोपा हो आता."

"नाही, हे ऐका. तिला आधी ठरवायचंय की हा माणूस..."

आबांनी डोळे मिटले. कूलरचं गार वारं दोघांच्या धोतरांवरून जात होतं. तात्यांनी एक हात वर केला, काहीतरी समजावायला, तो तसाच हळूहळू छातीवर आला, आणि वाक्य अर्धं टाकून तात्या झोपी गेले.