परबकाकांचं साचेखातं

परबकाका माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, ओठांकडे बघत. पहिल्या दिवशी मला वाटलं, तोंडाला काहीतरी लागलंय. मी रुमालाने पुसायला लागले तर म्हणाले, "रुमाल काढ गो बाय. त्येच्याआड तू काय बोलतंस ता माका दिसना नाय."

संपात गिरण्या बसल्या, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी आजही कोणी न विचारता सांगते. नोकरी लागेपर्यंत मुलुंडच्या एका बागेत, मे महिन्यापुरत्या लागणाऱ्या खेळण्यांच्या स्टॉलवर उभी राहत होते. जोडीला परबकाका. सगळा जन्म गिरणीच्या साचेखात्यात गेलेला. शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम खडखडत, त्यात बोलणं ऐकू येणं शक्यच नाही. तिथले कामगार ओठ वाचत आणि हातवाऱ्यांनी गप्पा मारत. कान गेले, विद्या राहिली.

आणि काय विद्या! पलीकडे कारंज्यापाशी एखादी आई पोराला दटावत असे. काका इथून मला सांगत, "भोवरो नको, शिट्टी घे म्हणता." मायलेकरं स्टॉलपाशी पोचेपर्यंत शिट्टी काउंटरवर तयार. बायका चमकून बघत. मीही रोज तोंड उघडं टाकून बघायची.

स्टॉलचा कारभार ठेकेदाराच्या मेहुण्याकडे होता. त्याला 'साहेब' म्हणायचं, हा त्याचाच हुकूम. साहेबांनी भर मे महिन्यात पतंग मागवले, भोवरे आणले ते दोरीशिवाय. स्टॉल आज फाटकाजवळ, उद्या झोपाळ्यांमागे, कारण घरी कोणीतरी दिशा चुकली म्हणून सांगितलेलं. ते येताना दिसले की काका ओठांवर नसलेल्या मिशीला पीळ देत. साचेखात्यात ही जॉबर, म्हणजे मुकादम, आल्याची खूण. साहेबांना मिशी नव्हती, तरी मला बरोबर कळायचं.

एकदा साहेब लांब फाटकापाशी वॉचमनशी बोलत होते. काका खेळण्यांवरची धूळ पुसता पुसता म्हणाले, "माका आयतवारी काढतलो."

"कोण म्हणालं?"

"तो काय, आता म्हणता. बहिरो म्हातारो गिऱ्हाइकाक काय उपेगाचो?"

काका चाळीच्या खोलीत एकटे राहत, आणि गिरणी बंद झाल्यापासून या स्टॉलखेरीज त्यांना कोणी कामाला उभं केलं नव्हतं. "मी बोलू का साहेबांशी?"

"नको गो. तुजाव काम जायत."

रविवारी साहेबांनी गर्दी खेचायला स्टॉलवर मोठा लाउडस्पीकर बांधला. तोंड बरोबर आमच्या डोक्यावर. गाणी अशी लागली की झाडावरचे कावळे उठून गेले. गिऱ्हाईक ओरडतंय, मी ओरडतेय, कुणाचं कुणाला कळत नाही. साहेब स्वतः काउंटरवर आले, एका बाईंनी बाहुली मागितली तर चेंडू दिला, दुसऱ्यांदा पतंग दिला. बाईंनी पतंगाची काडी त्यांच्या नाकासमोर नाचवली.

तेवढ्यात काका पुढे झाले. बाहुली, शिट्टी, भिरभिरं... हात लूमसारखे चालत होते. तीन ओळी मागे उभ्या पोराचंही त्यांना समजत होतं. साहेब बाजूला सरकत सरकत स्टॉलबाहेर गेले. माझ्या कानाशी येऊन काका म्हणाले, "आवाज आसलो काय सगळेच बहिरे. मगे माका बरा आयकाक येता."

संध्याकाळी साहेब पुन्हा वॉचमनपाशी. मी काकांकडे पाहिलं.

"म्हाताऱ्याक रवांदे म्हणता," काका म्हणाले. "आणि लाउडस्पीकराची आयडिया कशी झकास, ता सांगता."

लाउडस्पीकर राहिला, आणि काकाही राहिले. त्या गोंगाटात मीही ओठ वाचायला शिकले, बी.ए.नंतरचं माझं शिक्षण ते.

एक मात्र कळत नव्हतं. रोज दुपारी गर्दी ओसरली की काका समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून ओठ हलवत, आवाज न काढता. विचारलं तर म्हणत, "कायएक नाय."

जून उजाडला, सीझन संपला. लाउडस्पीकर उतरवला, साहेब गेले, आणि बाग एकदम शांत झाली. मी निरोप घेतला आणि धुळीसाठी तोंडावर रुमाल धरून निघाले. बाकापाशी पोचल्यावर सहज वळून पाहिलं. काका खोक्यावर बसून इकडेच बघत होते. ओठ हलले. या वेळी समोरून मला वाचता आलं.

"घाडी, जेवलंस?"

घाडी त्यांच्या समोरच्या साच्यावरचा. वीस-बावीस वर्षं समोरासमोर. गिरणी गेली तसा तो गावाला गेला, एवढं एकदा त्यांनी सांगितलं होतं.

मी रुमाल खाली घेतला. आवाज न काढता म्हटलं, "जेवलंय. तू?"

काकांनी माझे ओठ वाचले. मग हात हळूच वर गेला, आणि त्यांनी नसलेल्या मिशीला पीळ दिला. जॉबर येतोय, कामाला लाग.