ताकायामातली चार पावलं

सदाशिवरावांनी ठरवलं, जपान असलं म्हणून काय झालं, दुकानदार तो दुकानदार. भाव केल्याशिवाय डबा घ्यायचा नाही.

लेक मनस्विनी तिकडं नोकरीला, म्हणून नवराबायको औरंगपुऱ्यातून थेट ताकायामाच्या जुन्या व्यापारपेठेत. काळ्या लाकडाची शेकडो वर्षांची दुकानं, जशीच्या तशी जपलेली. त्यातल्या एकात कालिंदीबाईंचा जीव लाखेच्या लालचुटुक डब्यात अडकला. किंमत आठ हजार येन.

"बाबा, इथं भाव करत नाहीत," मनस्विनी म्हणाली.

"पेठ आहे ना? मग करतात!" तीस वर्षांत सांगितल्या भावानं त्यांनी कोथिंबिरीची जुडीही घेतली नव्हती. (पैठणला एक विणकर साडी घेऊन त्यांच्या एसटीमागं पळाला होता. दरवेळी सांगताना तो एक थांबा पुढं पळे.)

"एकच डबा उरलाय, अहो. गेला तर बघा!"

सदाशिवरावांनी चार बोटं दाखवली. दुकानदार आजीबाई नुसत्या हसल्या. मग सदाशिवरावांनी हुकमी डाव टाकला. तोंड पाडून दुकानाबाहेर पडायचं, चार पावलं रमतगमत चालायचं. पाचव्याला हाक येतेच.

मागं दार सरकलं. आजीबाई बाहेर येऊन कमरेत वाकल्या!

"आली काकुळतीला!" म्हणत हे परत. भाव? आठ हजार.

पुन्हा बाहेर, दहा पावलं. आजीबाई आणखी खाली वाकल्या. हे परत. आठ हजार.

"अहो, ती निरोप देतीय! गिऱ्हाईक दिसेनासं होईस्तोवर वाकायची रीत आहे म्हणे इथली."

"रीत नाय, घालमेल आहे ती. आता मोडतेच बघ!"

तिसऱ्यांदा ते पार नदीच्या पुलापर्यंत गेले. वळून आले तर दारात आजीबाईंशेजारी टोपीवाला पोलीस. दोघंही वाकले. (मध्यस्थ आणला म्हणजे सौदा पटला, या खुशीत सदाशिवरावही वाकले.) पोलिसानं अदबीनं त्यांच्या हातावर कागद ठेवला. त्यावर रेल्वे स्टेशनचा रस्ता काढलेला!

मनस्विनीला कुठं तोंड लपवावं कळेना. "बाबा, आजीबाईंनीच बोलावलंय पोलिसाला. त्यांना वाटलं, आजोबांना वाट सापडत नाहीय, फिरून फिरून इथंच येतायत."

तेवढ्यात कालिंदीबाई बाहेर आल्या. डबा पिशवीत, आठ हजार आजीबाईंच्या गल्ल्यात. पोलिसानं त्यांना वाकून काहीतरी विचारलं.

"आई, ते विचारतायत, हे तुमचेच का?"

कालिंदीबाईंनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"त्याला म्हणावं, पसंत असतील तर ने. मी भाव करणार नाय."