छायाचित्र : मेधा मिरजकर

धारवाडात आमचं विज्ञानाचं त्रैमासिक निघायचं, तेव्हा त्यात चूक सापडायची नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. संपादक मीच, प्रुफंही मीच तपासायचो.

२००३ साली मुखपृष्ठासाठी मेधा मिरजकरनं चित्र दिलं. ती जवळच्याच रायापूरच्या एका शाळेत गणित शिकवायची. शनीच्या एका चंद्रावर उभं राहिलं तर आकाशात शनीची कडी कशी दिसतील, ते तिनं तीन आठवडे बसून घरच्या संगणकावर तयार केलं होतं. मोबदला नको म्हणाली. फक्त चित्राखाली काय छापायचं ते लिहून दिलं : 'संगणकचित्र : मेधा मिरजकर'.

आता, आलेल्या मजकुरात संपादकानं एक तरी शब्द बदललाच पाहिजे, अशी माझी समजूत. 'संगणकचित्र' मला बोजड वाटलं. मी 'छायाचित्र' केलं.

अंक निघाला आणि आठवडाभरात तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, सुनेनं शनीचा फोटो काढल्याची बातमी हुबळीत कमरीपेठेपर्यंत पोचवली. शाळेतल्या मुली दुर्बीण बघायला घरी येऊ लागल्या. मेधा प्रत्येकीला संगणक दाखवी. मुली हिरमुसून परत जात. तिनं मुख्याध्यापकांना खरं सांगून पाहिलं, त्यांना तो विनय वाटला. त्यांनी सत्कारच ठरवला! मला पहिल्या रांगेत बसवलं.

शाल खांद्यावर पडताच मेधा म्हणाली, "मी फोटो काढलेला नाही. हे चित्र मी केलंय."

मग छापलंय ते काय, असं समारंभाच्या अध्यक्षांनी कन्नडमध्ये विचारलं. मागून कुणीतरी 'सुळ्ळ' म्हणालं, म्हणजे खोटं. अप्पांनी मान खाली घातली. मेधानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मी उठलो. तिनं बरोबर लिहून दिलं होतं, शब्द मी बदलला, असं सांगितलं.

"म्हणजे चित्र खोटंच की," अध्यक्ष म्हणाले.

"नाही," मेधा म्हणाली. "तिथं जाऊन कुणी फोटो काढला, तर असाच येईल. कड्यांमधलं अंतरसुद्धा मोजून घेतलंय."

टाळ्या काही वाजल्या नाहीत. अप्पा तेवढे शेजारच्याला म्हणाले, "फोटो काय, कुणीही काढतंय."

पुढच्या अंकात मी चौकट टाकून तिची माफी मागितली. त्यानंतर तिनं गुरू ग्रहाचं चित्र आणून दिलं. या वेळी काळ्या आकाशात पांढऱ्या ठळक अक्षरांत तिनं स्वतःच सगळं लिहिलं होतं.

"सर," ती म्हणाली, "याखाली तुम्ही काही लिहू नका."

मी लिहिलं नाही. तेवढं मात्र जमलं.