गायधनी सरांची खोली

सातपूर कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवा भाडेकरू आला की त्याला दोन गोष्टी आधी सांगतात. पाणी पहाटे येतं, आणि गायधनी सरांसमोर 'सेल' हा शब्द काढायचा नाही.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. राहायला आलो त्याच आठवड्यात सर जिन्यात भेटले. कुठे निघालात, म्हणाले. टीव्हीच्या रिमोटचे सेल आणायला, म्हणालो. सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि सुरू झाले.

मूळ शब्द लॅटिन, सेला. सेला म्हणजे लहान खोली. रोमन लोक धान्याच्या कोठारालाही सेला म्हणायचे आणि देवळाच्या गाभाऱ्यालाही. त्याहून चिमुकली ती सेल्युला. पुढे एकाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आत नुसत्या खोल्याच खोल्या. म्हणून तीही सेल. मठातली, तुरुंगातली, मोबाइलची, आपल्या नाशिकच्या वायनरीतलं तळघर म्हणजे सेलर, सगळी एकाच घरची मंडळी. मी सेल घेऊन घरी पोचलो तेव्हा मॅच संपली होती.

सर हायस्कुलात जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेले. आमच्या समोरच्या दारात एकटेच राहतात. "जरा खोलीत जाऊ" हे त्यांचं पालुपद. त्यांनी ते म्हटलं की बिल्डिंगमधल्या लोकांना गॅसवरचं दूध आठवतं.

एकदा कॉलेज रोडला कपड्यांच्या दुकानावर 'सेल' अशी पाटी पाहून ते आत गेले आणि मालकाला म्हणाले, "तुमचा सेल आमच्यातला नाही बरं का. त्याचं घराणं वेगळं." मालकाला वाटलं गिऱ्हाईक घासाघीस करतंय. त्याने एक शर्ट आणखी स्वस्तात दिला. मराठीतल्या 'पेशी'वर तर त्यांचा कायमचा राग. पेशी म्हटलं की पोरांना कोर्टाची तारीख आठवते, खोली कुठे दिसते, असं त्यांचं म्हणणं.

मग माझी बायको सुनंदा आजारी पडली. आजार रक्ताचा निघाला. उपचार सुरू झाले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की औषधांमुळे पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात, काही आठवडे जपावं लागेल. स्वच्छ, वेगळी खोली, माणसांची ये-जा नको. आमचं घर दोन खोल्यांचं. दोन्ही पोरं शाळेतून सर्दी-खोकला घेऊन यायची. मी कंपनीत शिफ्टला.

रिपोर्ट हातात घेऊन मी जिना चढत होतो, तेव्हा सर दारातच उभे होते. त्यांनी विचारलं म्हणून पेशींचं सांगितलं, आणि आता व्याख्यान ऐकावं लागणार म्हणून भिंतीला टेकलो. सर वळले, आत गेले आणि दार लावून घेतलं. मला थोडं लागलंच ते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून सामान सरकवल्याचे आवाज येत राहिले. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. आतली लहान खोली रिकामी केलेली, फरशी धुतलेली, भिंतींना ताजा चुना, खिडकीला नवी जाळी. ती खोली त्यांच्या पत्नीची, हे मला ठाऊक होतं. बाई गेल्यापासून तिला कुलूप होतं. बाईंचं शिलाई मशीन आता हॉलमध्ये सरांच्या खाटेला लागून उभं होतं. चुन्याचे शिंतोडे सरांच्या चष्म्यावर तसेच होते.

"सुनंदाला इथे आणा," ते म्हणाले. "खोली वापरात असलेली बरी."

ती तिथे राहिली. सर मास्क लावून दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि तिला पेपर वाचून दाखवायचे. निधनवार्ता तेवढ्या गाळायचे. ते तिने पहिल्याच दिवशी ओळखलं, पण त्यांना सांगितलं नाही. मी डबा ठेवून कंपनीत जायचो, तेव्हा आतून तिचं हसणं ऐकू यायचं. तिथे मशीनवर काम करताना ते हसणं मला पुरायचं.

हळूहळू रिपोर्ट सुधारले. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. निघताना सुनंदा सरांच्या पाया पडली. माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला, म्हणाली.

सरांनी चष्मा पुसला. "त्रास कसला, पोरी," ते म्हणाले. "रोज दुपारी आतून कुणीतरी विचारायचं, सर, जेवलात का. बाई गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं."

त्या माणसाचे आभार कसे मानायचे, हे मला अजून जमलेलं नाही. सुनंदाला जमलं. रोज दुपारी ती आमच्या दारातून हाक मारून विचारते. सर आधीच जेवलेले असतात, त्यांच्या मोरीत घासलेलं ताट निथळत असतं. तरीही ते नाही म्हणतात, आणि येऊन पानावर बसतात.